जुनं एलएसआय ९२११-८आय कार्ड आणि प्रॉक्समॉक्सवरचा पासथ्रू: घ्यावं का, आणि कुठे अडतं

निकाल आधीच सांगतो. घरच्या सर्व्हरला आठपर्यंत डिस्क जोडून त्या सगळ्या एकाच व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) ताब्यात द्यायच्या असतील, तर आयटी मोडचं (डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं) फर्मवेअर टाकलेलं जुनं एलएसआय ९२११-८आय आजही घेण्याजोगं आहे. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा उष्णतेचा आणि विजेचा. पण या कार्डाच्या नावावर ज्या तक्रारी फिरतात, म्हणजे व्हीएम सुरू होताना अख्खा सर्व्हर गायब होणं, काळ्या पडद्यावर अडकून राहणं, पूल (अनेक डिस्क मिळून केलेली साठवण) खराब होणं, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ कार्डात नसतं. ते मदरबोर्डाच्या मांडणीत आणि होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ मशीनच्या) सेटिंगमध्ये असतं. त्यामुळे परीक्षण कार्डाचं असलं तरी जास्त जागा पासथ्रूला, म्हणजे अख्खं कार्ड व्हीएमच्या हवाली करण्याला, दिली आहे.

आपल्या बेळगाव भागात याची गरज कुणाला पडते? उद्यमबागेत छोटं मशीन शॉप चालवणारे, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्राम साठलेत. निपाणी, चिकोडीकडचे लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओ, ज्यांच्या एकेका सीझनला काही टेराबाइट भरतात. अशा ठिकाणी एकाच डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी लिनक्स प्रणाली) टाकायचा, एका व्हीएममध्ये ट्रूनास (साठवणीची प्रणाली) चालवून साठवण सांभाळायची आणि बाजूच्या विंडोज व्हीएममध्ये बिलिंग ठेवायचं, ही मांडणी खर्चाला परवडते. त्यासाठी डिस्क ट्रूनासला खऱ्याखुऱ्या दिसायला हव्यात. होस्टवरून एकेक डिस्क व्हीएमला जोडून देता येते, पण मग व्हीएमच्या आत डिस्कचं स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) वाचता येत नाही, तापमान कळत नाही, आणि डिस्क होस्टच्याही हाताशी राहते. पूर्ण कंट्रोलरच व्हीएमला दिला की हे तिन्ही प्रश्न मिटतात.

कार्डाबद्दल. यातली चिप एसएएस२००८. पीसीआयई २.० च्या आठ लेन, ६ गिगाबिटचे आठ चॅनल, दोन एसएफएफ-८०८७ सॉकेट. एका सॉकेटमधून चार सॅटा डिस्क निघतात. एलएसआय कंपनी २०१४ मध्ये अव्हागोने घेतली आणि २०१६ मध्ये अव्हागोनेच ब्रॉडकॉम हे नाव घेतलं, म्हणून कागदपत्रं तीन नावांनी सापडतात, वस्तू तीच. आयबीएमचं एम१०१५, डेलची एच२०० आणि एच३१० ही याच चिपवरची भावंडं. बाजारात फिरणारा माल जवळपास सगळा डेटा सेंटरमधून उतरलेला असतो.

आठ लेन मिळाल्याच पाहिजेत असं नाही. पीसीआयई २.० च्या एका लेनला साधारण ५०० मेगाबाइट प्रति सेकंद, म्हणजे चार लेनला २,०००. फिरत्या आठ डिस्क प्रत्येकी २०० च्या आसपास वाचत असल्या तरी बेरीज १,६०० होते. तेव्हा दिसायला सोळा लेनचा पण आत चारच लेन जोडलेला खालचा स्लॉट वेगाच्या दृष्टीने चालतो. एका लेनच्या स्लॉटमध्ये मात्र लावू नका. रोजच्या कामात जाणवणार नाही, पण स्क्रब (पूलमधल्या सगळ्या डेटाची तपासणी) आणि रिसिल्व्हर (बदललेली डिस्क पुन्हा भरणं) लांबतच जातील.

विकत घेताना एक सापळा आहे. जुन्या ३ गिगाबिटच्या एसएएस१०६८ई चिपची कार्डं, उदाहरणार्थ आयबीएम बीआर१०आय, दिसायला अशीच आणि किमतीला आणखी कमी. ती २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाहीत. फुकट मिळालं तरी नको.

केबलचंही तसंच. लागते ती फॉरवर्ड ब्रेकआउट केबल: कार्डाकडे एसएफएफ-८०८७, डिस्ककडे चार सॅटा. रिव्हर्स ब्रेकआउट हुबेहूब तशीच दिसते, पण ती मदरबोर्डच्या चार सॅटा पोर्टांवरून बॅकप्लेनला (सर्व्हरमध्ये डिस्क खोचायच्या पाटीला) जाण्यासाठी असते. ती लावली की एकही डिस्क दिसत नाही आणि लोक कार्ड मेलं म्हणून परत पाठवतात. रॅक सर्व्हरमधून आलेल्या कार्डाला बहुधा बुटकी पट्टी असते. टॉवर कॅबिनेटसाठी उंच पट्टी विक्रेत्याकडे आधीच मागून घ्या, नाहीतर कार्ड स्लॉटमध्ये लटकत राहतं आणि केबलच्या ओढीने तिरकं होतं.

फर्मवेअर

होस्टच्या लिनक्सवर एलएसपीसीआय -एनएनके ही आज्ञा द्या. ओळख १०००:००७२ आणि ड्रायव्हर एमपीटी३सास दिसला तर कार्ड सरळ आहे. १०००:००७३ आणि मेगारेड_सास दिसलं, तर त्यात अजून मूळ रेड (डिस्क कार्डावरच एकत्र बांधणारं) फर्मवेअर आहे. एम१०१५ किंवा एच३१० न फ्लॅश करता विकलं गेलं की असंच होतं. ००७२ असलं तरी ते आयआर मोडचंही (साध्या रेडचं) असू शकतं, म्हणून सास२फ्लॅश -लिस्ट (कार्डाचं फर्मवेअर बघण्या-बदलण्याचं साधन) चालवून फर्मवेअर प्रॉडक्ट आयडीच्या ओळीत आयटी लिहिलंय का तेही पाहा. आवृत्ती २०.००.०७.०० हवी. विसाव्या मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते, त्यामुळे नुसतं पी२० आहे म्हणून समाधान मानू नका, शेवटचे चार आकडे वाचा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एफडब्ल्यूव्हर्जन या शब्दापुढेही हा आकडा सापडतो.

फ्लॅशिंग पासथ्रू करण्याआधी, होस्टच्या मशीनवर करायचं. नव्या यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मदरबोर्डवर डॉसमधलं सास२फ्लॅश चालत नाही, पीएएल सुरू होत नाही असा निरोप देऊन थांबतं. त्याच पेनड्राइव्हवर यूईएफआय शेल आणि सास२फ्लॅशची ईएफआय आवृत्ती ठेवा, काम होतं. कार्डावरच्या स्टिकरवरचा, ५००६०५बी ने सुरू होणारा एसएएस पत्ता आधी कागदावर उतरवून ठेवा. पुसलेल्या कार्डाला तो परत द्यावा लागतो. आणि फ्लॅश पुसल्यानंतर नवीन फर्मवेअर चढेपर्यंत मशीन बंद करायची नाही. पावसाळ्यात हे काम यूपीएसवर करा, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी तर नक्कीच.

फ्लॅश करताना -बी देऊन बूट रॉम चढवण्याचा सल्ला जुन्या मार्गदर्शिकांत असतो. व्हीएमला द्यायच्या कार्डात तो रॉम नकोच. त्याच्यावरून बूट करायचं नसतं, आणि पुढे अडचण त्याचीच होते.

डेलची एच२००, एच३१० किंवा एम१०१५ घेतली आणि ते कार्ड लावल्यावर मशीन पडद्यावर काहीच आणत नसेल किंवा रॅम अर्धीच दिसत असेल, तर कारण एसएमबस. कार्डाच्या बी५ आणि बी६ या दोन सोनेरी पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणाऱ्या चिकटपट्टीचा) अरुंद तुकडा लावा. रॅमची ओळख ज्या तारांवरून वाचली जाते त्याच तारांवर कार्डही बोलत असतं, म्हणून हा घोळ. मूळ ९२११ वर हा त्रास सहसा येत नाही, आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

कार्डाआधी स्लॉट तपासा

माझं ठाम मत आहे की कार्ड मागवण्याआधी बोर्ड तपासून घ्यावा. उलटं केलं तर कार्ड चांगलं निघूनही पडून राहतं.

बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-डी (उपकरण थेट व्हीएमला देण्याची सोय) चालू करा. व्हीटी-एक्स वेगळं आणि व्हीटी-डी वेगळं. नुसतं पहिलं चालू असलं तरी व्हीएम चालतात, म्हणून दुसरं बंद असल्याचं कित्येक दिवस कळत नाही. एएमडीवर त्याच कामाचा आयओएमएमयू हा पर्याय ऑटोवर न ठेवता एनेबल्ड करा. प्रॉक्समॉक्सच्या ६.८ आणि पुढच्या कर्नलात इंटेलसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. त्याआधीचा कर्नल असेल तर बूटच्या ओळीत इंटेल_आयओएमएमयू=ऑन घालावं लागतं. एएमडीला तेही लागत नाही.

इथे बरेच जण अडतात, कारण ती ओळ चुकीच्या फाइलमध्ये जाते. ग्रब या बूट लोडरने बूट होणाऱ्या मशीनवर ती ईटीसीमधल्या डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये जाते आणि मग अपडेट-ग्रब चालवायचं. झेडएफएस (पूल बनवणारी फाइल सिस्टिम) आणि यूईएफआयवर बसवलेल्या मशीनवर बहुधा सिस्टिमडी-बूट असतं. तिथे ईटीसीमधली कर्नल/सीएमडीलाइन ही फाइल बदलायची, सगळं एकाच ओळीत, आणि प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश चालवायचं. आपल्याकडे कोणतं आहे ते प्रॉक्समॉक्स-बूट-टूल स्टेटस सांगतं. रीबूटनंतर प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल वाचून पाहा. लिहिलेला शब्द तिथे नसेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही. असेल, तर डीमेसेजमध्ये डीएमएआर किंवा एएमडी-व्हीआय शोधा. आयओएमएमयू चालू झाल्याची आणि इंटरप्ट रीमॅपिंगची, अशा दोन्ही ओळी हव्यात.

आता खरा प्रश्न गटांचा. होस्ट हार्डवेअरचे आयओएमएमयू गट पाडतो आणि एका गटातली उपकरणं वाटून देता येत नाहीत. गट जातो तो अख्खाच. सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स या फोल्डरात गट दिसतात, आणि प्रॉक्समॉक्सच्या वेब पडद्यावर पीसीआय उपकरण निवडताना गटाचा क्रमांक शेजारीच असतो. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायचंय तिथे आधी हाताशी असलेलं कुठलंही जुनं कार्ड, नेटवर्कचं का असेना, लावून गट पाहा. कार्डासोबत त्या गटात फक्त पीसीआय ब्रिज असेल तर काळजी नाही.

एएमडीच्या बी४५०, बी५५० सारख्या बोर्डांवर सीपीयूला थेट जोडलेला वरचा स्लॉट बहुधा स्वतंत्र गटात येतो. चिपसेटवरचा खालचा स्लॉट मात्र बोर्डाचं नेटवर्क, सॅटा, यूएसबी या सगळ्यांसोबत एकाच गटात कोंबलेला असतो. घरगुती इंटेल प्रोसेसरांवर सीपीयूचे दोन स्लॉट आठ-आठ लेनमध्ये विभागले की दोन्ही एकाच गटात येतात, म्हणजे एकात ग्राफिक्स आणि दुसऱ्यात हे कार्ड असेल तर पंचाईत. सर्व्हर सांभाळायला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. ते काढा, बोर्डावरचा डिस्प्ले वापरा, वरचा स्लॉट एलएसआयला द्या.

गट मिसळलेला असताना व्हीएम सुरू केलं तर काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. साधं क्यूईएमयू (व्हीएम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर गट व्हायेबल नाही असं सांगून नकार देतं. प्रॉक्समॉक्स मात्र ब्रिज सोडून गटातली सगळी उपकरणं होस्टकडून काढून व्हीएफआयओला (उपकरण व्हीएमकडे सोपवणाऱ्या ड्रायव्हरला) बांधतो. त्यात नेटवर्क असेल तर वेब पडदा जागच्या जागी मरतो. बूट डिस्कचा सॅटा कंट्रोलर असेल तर होस्टच गोठतो. लोकांना वाटतं कार्डाने मशीन बंद पाडली. त्यात व्हीएमला बूटसोबत सुरू व्हायला सांगितलेलं असेल तर प्रत्येक रीबूटला तोच प्रकार. सुटका सोपी आहे: बायोसमध्ये व्हीटी-डी बंद करा, किंवा बूट मेनूत ओळ बदलून इंटेल_आयओएमएमयू=ऑफ द्या. पासथ्रूचं व्हीएम सुरूच होणार नाही, होस्ट शांतपणे वर येईल, मग ऑनबूटची (बूटसोबत सुरू होण्याची) खूण काढा. यासाठी पहिल्या यशस्वी चाचणीपर्यंत ऑनबूट लावायचंच नाही.

पीसीआयई_एसीएस_ओव्हरराइड=डाउनस्ट्रीम,मल्टिफंक्शन हा शब्द घातला की गट कागदावर वेगळे होतात, आणि प्रॉक्समॉक्सच्या कर्नलात ती सोय आहे. पण हार्डवेअर तेच राहतं. दोन उपकरणं एकमेकांशी आयओएमएमयूला वळसा घालून बोलू शकतात. खेळण्याच्या मशीनवर ठीक. गिऱ्हाइकांचे लग्नाचे फोटो जिथे आहेत तिथे मी याची शिफारस करणार नाही. दुसरा स्लॉट शोधा, तोही नसेल तर दुसरा बोर्ड.

जुन्या एचपी प्रोलायंटवर हे करायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. त्या बायोसमध्ये काही उपकरणांसाठी आरएमआरआर नावाची राखीव स्मृती लावलेली असते आणि मग डीमेसेजमध्ये प्लॅटफॉर्म आरएमआरआर रिक्वायरमेंटमुळे उपकरण अपात्र असल्याची ओळ येते. कार्ड बदलून हे सुटत नाही.

होस्टला कार्डाला हात लावू देऊ नका

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे डेटा जातो. होस्ट बूट होताना एमपीटी३सास ड्रायव्हर कार्ड उचलतो, डिस्क दिसतात, आणि त्यांवर झेडएफएसचा पूल सापडला तर होस्ट तो स्वतःच इंपोर्ट करू शकतो. थोड्या वेळाने व्हीएम सुरू होऊन तोच पूल ट्रूनास उघडतो. एक वही दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतल्यासारखं आहे ते. असा पूल पुन्हा धड होईलच असं नाही.

उपाय दोन ओळींचा. ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात व्हीएफआयओ.कॉन्फ फाइल करा. पहिली ओळ: ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=१०००:००७२. दुसरी: सॉफ्टडेप एमपीटी३सास प्री: व्हीएफआयओ-पीसीआय. दुसरी ओळ विसरली की कोण आधी उठतं यावर सगळं अवलंबून राहतं, आज चाललं म्हणून उद्या चालेल याचा भरवसा नाही. ईटीसीमधल्या मॉड्यूल्स फाइलमध्ये व्हीएफआयओ, व्हीएफआयओ_आयओएमएमयू_टाइप१ आणि व्हीएफआयओ_पीसीआय ही तीन नावं घाला. व्हीएफआयओ_व्हीआयआरक्यूएफडी हे चौथं नाव जुन्या लेखांत असतं, ६.२ पासूनच्या कर्नलात ते लागत नाही. मग अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल आणि रीबूट. एलएसपीसीआय -एनएनकेमध्ये कर्नल ड्रायव्हर इन यूजसमोर व्हीएफआयओ-पीसीआय आलं आणि एलएसबीएलकेमध्ये त्या डिस्क दिसेनाशा झाल्या, की होस्टचा हात सुटला.

सारख्याच ओळखीची दोन कार्डं असतील आणि त्यांतलं एक होस्टला ठेवायचं असेल तर ही पद्धत दोन्ही घेऊन जाते. तिथे पत्त्यानुसार ड्रायव्हर_ओव्हरराइड लावावा लागतो. आणि होस्टची बूट डिस्क याच कार्डावर असेल तर पासथ्रू शक्यच नाही; ती बोर्डाच्या सॅटावर किंवा एनव्हीएमईवर हलवा.

कार्ड बसवल्यावर पहिल्याच बूटला नेटवर्क गेलं तर घाबरू नका. नवं कार्ड मध्ये आल्यामुळे पीसीआय क्रमांक एकाने सरकतात, कालचं ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होतं आणि नेटवर्कचा ब्रिज जुन्याच नावाची वाट पाहत राहतो. मॉनिटर-कीबोर्ड लावून आयपी लिंकने नवं नाव बघा आणि ईटीसीमधल्या नेटवर्क/इंटरफेसेस फाइलमध्ये बदला. मॅक पत्त्यावर आधारित लिंक फाइल करून नाव कायमचं पक्कं केलं तर पुन्हा हा प्रसंग येत नाही.

हीच सरकासरक पुढे जास्त घातक ठरते. व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये कार्ड ०१:००.० या पत्त्याने लिहिलेलं असतं. नंतर कुणी एनव्हीएमई घातली, पत्ते सरकले, आणि त्या पत्त्यावर आता नेटवर्क कार्ड किंवा ती एनव्हीएमईच बसली. व्हीएम सुरू होताच होस्ट तीच देऊन टाकतो. प्रॉक्समॉक्स ८ पासून डेटासेंटरखाली रिसोर्स मॅपिंग आलंय. तिथे कार्डाची नोंद करा आणि व्हीएममध्ये मॅप केलेलं उपकरण निवडा. पत्त्यावर दुसरंच काही सापडलं तर व्हीएम सुरू होत नाही, चूक पडद्यावर येते.

व्हीएमची मांडणी

मशीन क्यू३५, बायोस ओव्हीएमएफ (व्हीएमसाठीचं यूईएफआय), सीपीयू प्रकार होस्ट. ईएफआय डिस्क बनवताना प्री-एन्रोल कीजची खूण काढा, नाहीतर सिक्युअर बूट ट्रूनासला अडवतं. कार्डाच्या ओळीत पीसीआयई=१ आणि रॉमबार=०. पडद्यावरून करायचं तर ॲडव्हान्स्ड उघडून रॉम-बारची खूण काढा. वर म्हटलेला बूट रॉम इथेच आडवा येतो: व्हीएमचं बायोस तो चालवू पाहतं, रॉम आठही डिस्क शोधत बसतो, आणि पडदा काळाच्या काळा. कार्ड मेल्याची शंका घेण्याआधी ही एक खूण काढून बघा की. बूट क्रमात फक्त व्हीएमची स्वतःची ३२ जीबीची व्हर्च्युअल डिस्क ठेवा.

पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी रॅम सुरू होतानाच अडकवली जाते, कारण कार्ड थेट रॅममध्ये लिहितं आणि तिचा पत्ता हलून चालत नाही. त्यामुळे बलूनिंग (व्हीएमची रॅम गरजेप्रमाणे कमी-जास्त करणं) बंद करा. त्याचा काही फायदा होत नाही. ट्रूनासला किमान ८ जीबी लागते, आठ डिस्कांसाठी १६ द्या. होस्टची बूट डिस्क झेडएफएसवर असेल तर त्याची एआरसी (रॅममधला कॅश) रॅम खात बसते आणि व्हीएम सुरू करताना रॅम मिळत नसल्याची चूक येते. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा रॅमच्या १० टक्क्यांवर, जास्तीत जास्त १६ गिबीबाइटवर आणली आहे; जुन्यावरून अपग्रेड केलेल्या मशीनवर झेडएफएस_एआरसी_मॅक्स हाताने लावा.

लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवणं) आणि रॅमसकट स्नॅपशॉट विसरा. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये या आठ डिस्कांतलं काहीही येत नाही, फक्त बूट डिस्क येते. डेटाचा बॅकअप ट्रूनासच्या आतून दुसऱ्या मशीनवर वेगळा लावायला हवा, आणि तो लावल्याशिवाय सर्व्हर कामाला जुंपू नका.

जुना पूल नव्या व्हीएममध्ये आणताना आधी जुन्या ठिकाणी झेडपूल एक्स्पोर्ट करा. -एफ देऊन जबरदस्तीने इंपोर्ट करण्याची वेळ आली तर थांबा आणि होस्टवर झेडपूल लिस्ट चालवून तिथे तो पूल उघडा नाही ना ते पाहा.

गेस्ट (व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम) कोणता निवडता यावरही थोडं आहे. ट्रूनास, डेबियन, उबंटूमध्ये कार्ड लगेच ओळखलं जातं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ पासून मात्र त्यांनी एमपीटी३सासमधून या जुन्या चिपची ओळख काढली. तिथे एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिसतं, डिस्क दिसत नाहीत. ईएलरेपोचं ड्रायव्हर पॅकेज टाकावं लागतं.

व्हीएम एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावर कार्ड सापडत नसेल तर रीसेटचा प्रश्न आहे. सिस फोल्डरात त्या उपकरणाखाली रीसेट_मेथड नावाची फाइल असते. त्यात एफएलआर किंवा बस असं काही असेल तर ठीक. फाइलच नसेल तर व्हीएम रीस्टार्ट करायला होस्ट रीबूट करावा लागणार असं समजून चाला.

वीज जाण्याचा क्रमही लावून ठेवायचा. यूपीएसची यूएसबी होस्टला, त्यावर एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर). व्हीएमच्या सेटिंगमध्ये ट्रूनासला पहिला क्रमांक आणि १२० सेकंदांचा विलंब दिला की विंडोज व्हीएम शेअर तयार झाल्यावरच उठतं, आणि बंद होताना उलट क्रमाने ट्रूनास शेवटी जातं. बंद होण्यासाठी प्रॉक्समॉक्स मुळात १८० सेकंद थांबतो. यूपीएसची बॅटरी सगळ्या व्हीएमच्या बेरजेइतकी टिकते का ते प्रत्यक्ष मेन स्विच पाडून एकदा तपासा.

उष्णता, धूळ आणि बिल

तारा कापला तो इथे. हे कार्ड रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलंय आणि घरच्या टॉवरमध्ये तो वारा नसतो. छोट्या हीटसिंकला बोट लावून ठेवता येत नाही इतकं ते तापतं. तापलेलं कार्ड एकदम मरत नाही. स्क्रबच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला दोन-तीन डिस्क एकत्र सुटतात, लॉगमध्ये एमपीटी३सासच्या रीसेटच्या ओळी येतात, आणि माणूस डिस्क बदलत बसतो. चाळीस मिलिमीटरचा पंखा थेट हीटसिंकवर बसवा आणि आलेल्या दिवशीच स्प्रिंगच्या दोन पिना सोडवून आतली वाळलेली पेस्ट बदला. अथणीकडचा उन्हाळा लक्षात घेता हा पंखा ऐच्छिक नाही. डिस्क एक-एक करून सुटत असतील आणि स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा वाढत असेल, तर दोष केबलचा. उष्णतेत हा आकडा सहसा वाढत नाही.

फाउंड्रीजवळच्या शेडमध्ये सर्व्हर असेल तर हवेत लोखंडाची बारीक पूड असते, आणि ती विजेची वाहक आहे. पंख्यांना जाळीचा फिल्टर लावा, मशीन जमिनीपासून वर ठेवा. घाटाकडच्या दमट भागात कार्डाच्या सोनेरी कडा दर पावसाळ्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये लिंकची रुंदी आठऐवजी एक किंवा वेग ५ ऐवजी २.५ जीटी दिसू लागला, तर कडा मळल्या आहेत असं समजा.

विजेचा खर्च: कार्ड सुमारे दहा वॉट घेतं, रिकामं असतानाही. दहा वॉट वर्षभर म्हणजे ८७ युनिटच्या वर. शिवाय ते असताना प्रोसेसर खोल झोपेत जात नाही, तो खर्च वेगळा.

ज्यांना पाच-सहाच डिस्क लावायच्या आहेत त्यांना मी एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं साधं सॅटा कार्ड सुचवेन. पीसीआयई ३.० च्या दोन लेन, वीज कमी, उष्णता नगण्य, आणि पासथ्रूच्या पायऱ्या त्याच. फक्त ड्रायव्हर एएचसीआय असतो, म्हणून सॉफ्टडेपच्या ओळीत त्याचं नाव येतं. त्यात एक काळजी: बोर्डाचा सॅटाही एएचसीआयच वापरतो, तेव्हा आयडी त्या कार्डाचाच घातला आहे ना ते दोनदा बघा. जेएमबी५८५ वर पाच पोर्ट मिळतात, तेही ठीक. मात्र एका लेनवर दहा-दहा पोर्ट दाखवणारी कार्डं टाळा; त्यांत पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणारी चिप) असतो आणि एक डिस्क अडखळली की तिच्यासोबतच्या सगळ्या सुटतात. एसएसडी भरायच्या असतील तर एसएएस३००८ चिपचं ९३००-८आय बघा. त्याचं सॉकेट एसएफएफ-८६४३ आहे, म्हणजे जुनी केबल चालणार नाही.

हे कार्ड बेळगावात काउंटरवर सहजी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. बंगळूरच्या एसपी रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावं लागतं, किंवा ऑनलाइन. व्यवसायासाठी घेत असाल आणि माल कोल्हापूर-पुण्याहून येत असेल, तर बिलावर आपला कर्नाटकचा जीएसटी क्रमांक घालून आयजीएसटी लावून घ्या; महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला तर त्याची वजावट इकडे मिळत नाही. परत करण्याची मुदत किमान सात दिवसांची मागा. त्या मुदतीत ओळख १०००:००७२, फर्मवेअर २०.००.०७.००, लिंक ५ जीटी आणि स्लॉटइतकी रुंदी हे बघा, मग आठही पोर्टांना डिस्क लावून एक पूर्ण स्क्रब चालवा. दोन सॉकेटांपैकी एकच चालणारी कार्डं बाजारात येतात, आणि ते चार डिस्कांवर कळत नाही.